टिचकी आणि निळ्या मोटारीचं पॅकिंग

खाडीकाठी होतं एक गॅरेज.
गॅरेजात होती एक म्हातारी निळी मोटार.
मोटारीच्या मागच्या सीटखाली राहायची टिचकी.
टिचकी म्हणजे उंदराचं पिल्लू. सुपारीएवढं!

रोज सकाळी केरूआजोबा किल्ली फिरवायचे. मोटार म्हणायची, घर्रर्रर्र!
आज मोटार म्हणाली, घर्र… घर्र… फुस्स!
खाली पेट्रोल गळलं. टप टप. टप टप.

"पॅकिंग फाटलं," आजोबा म्हणाले.
पॅकिंग म्हणजे कागदाची चकती. इवलीशी. भोकाभोकांची. मोटार ज्या तोंडाने पेट्रोल पिते, त्या तोंडाला ती लावतात.

"एवढ्या जुन्या मोटारीचं पॅकिंग आता कुठलं मिळायला?" आजोबा म्हणाले. "संध्याकाळी भंगारवाला येईल. देऊन टाकू."
"देऊन टाकू?" टिचकी ओरडली. "आणि माझं घर?"
आजोबा चहा प्यायला गेलेसुद्धा.

टिचकी निघाली. तुरु तुरु तुरु.
कोण भेटलं? हसनमिस्त्री.
"मिस्त्रीकाका, मिस्त्रीकाका, पॅकिंग द्या.
पॅकिंग मिळेना, म्हणून मोटार चालेना."
"हे घे लाल गाडीचं," मिस्त्री म्हणाले. "चालतंय!"
लावून बघितलं. एक भोक इकडे, एक भोक तिकडे. टप टप. टप टप.
"नाही चालत!" टिचकी म्हणाली. "लाल गाडीचं नको. हिचंच हवं."
"मग नवं कापावं लागेल. आधी जाड कागद आण."

टिचकी निघाली. तुरु तुरु तुरु.
कोण भेटलं? दुकानातल्या शेवंताकाकू.
"काकू, काकू, कागद द्या.
कागद मिळेना, म्हणून पॅकिंग मिळेना.
पॅकिंग मिळेना, म्हणून मोटार चालेना."
"देईन की गं! पण कागदाच्या गठ्ठ्यावर बोकोबा झोपलेत. आधी ते उठू देत."

टिचकी निघाली. तुरु… तुरु… हळूच.
कोण दिसलं? ढेरपोटे बोकोबा.
टिचकी लांबच उभी राहिली.
"बोकोबा, बोकोबा, उठा ना.
बोका उठेना, म्हणून कागद मिळेना.
कागद मिळेना, म्हणून पॅकिंग मिळेना.
पॅकिंग मिळेना, म्हणून मोटार चालेना."
बोकोबांनी एक डोळा उघडला.
"मी तुला खात नाही, हेच पुष्कळ. आधी मासा आण."
आणि डोळा मिटला.

टिचकी निघाली. तुरु तुरु तुरु.
कोण भेटलं? मासेवाली गजरामावशी. टोपली रिकामी!
"मावशी, मावशी, मासा दे.
मासा मिळेना, म्हणून बोका उठेना.
बोका उठेना, म्हणून कागद मिळेना.
कागद मिळेना, म्हणून पॅकिंग मिळेना.
पॅकिंग मिळेना, म्हणून मोटार चालेना."
"अगं माझे बाय," मावशी म्हणाली, "मासे तिकडे बंदरावर. माझे गुडघे दुखतात. रोज मी निळ्या मोटारीतूनच मासे आणते. आधी मोटार येऊ दे."

मोटार?
टिचकी मटकन खाली बसली.
गोल गोल फिरून पुन्हा मोटारच!

टिचकी विचार करू लागली. शेपटी गप्प. मिशा गप्प.
मिस्त्री म्हणतात, आधी काकू. काकू म्हणतात, आधी बोकोबा. बोकोबा म्हणतात, आधी मावशी. मावशी म्हणते, आधी मोटार.
सगळे मोठे. सगळे बसलेले.
मग आधी कोण?
ऊन उतरलं. टिचकी उठली.
"आधी मी!"

तुरु तुरु तुरु. थेट बोकोबांपाशी!
या वेळी लांब नाही. अगदी मिशांजवळ!
टिचकीने शेपटी उचलली. बोकोबांच्या नाकाखाली फिरवली. गुदू गुदू.
"आं… आं… आंऽऽच्छी!"
बोकोबा टुणकन उडाले. टिचकी सुसाट पळाली.

बोका उठला, म्हणून कागद मिळाला.
मिस्त्री म्हणाले, "कापतो अंदाजाने. चालतंय!"
"थांबा!" टिचकी म्हणाली.
तिने पाय तेलात बुडवला. कागदाच्या कोपऱ्यावर ठेवला. पायाचा ठसा उमटला. जसा पाय, तसा ठसा!
"मोटारीच्या तोंडाचा असा ठसा घ्या ना."
मिस्त्रींनी ठसा निरखला. मग हसले.
"खरंच की गं!"
तोंडाला तेल लावलं. कागद दाबला. ठसा उमटला. प्रत्येक भोक आपापल्या जागी!
कात्री चालली. कच कच कच.

कागद मिळाला, म्हणून पॅकिंग मिळालं.
पॅकिंग मिळालं, म्हणून मोटार चालली. घर्रर्रर्र!
मोटार चालली, म्हणून मासा मिळाला.
मासा मिळाला, म्हणून बोकोबांचा राग गेला. निम्मा गेला. निम्मा नाकात राहिला. आंच्छी!

संध्याकाळी भंगारवाला आला.
"कुठाय जुनी मोटार?"
"पों पों!" मोटार म्हणाली. "बाजूला हो!"

केरूआजोबांनी पुढचं दार उघडलं.
"सीटखाली नको, टिचके. इथे बस. माझ्या शेजारी."
टिचकी ऐटीत बसली.
आजोबांनी विचारलं, "बोल, आधी कुठे जायचं?"
"आधी? आधी खाडीवर एक मोठ्ठी चक्कर!"

घर्रर्रर्र! घर्रर्रर्र!
पॅकिंग बसलं घट्ट,
पुरा झाला टिचकीचा हट्ट.