दीड हजार मोटांचं भांडं

टेकडीवरच्या आवडीच्या विहिरीची एक रीत होती. वाटसरूला एक भांडं पाणी फुकट मिळे. ते ऐकून सुभेदारांनी खाली खाडीतल्या गलबताकडे बोट दाखवलं.

"आमचं भांडं ते! तीनशे खंडीचं. किती मोटा लागतील गं आवडे?"

एवढं पाणी गेलं, तर आवडीची पोफळीची बाग उभी वाळली असती.

"खंडीला पाच धरल्या, तर दीड हजार, सरकार."

"मग जुंप बैल!"

"जुंपते की. फक्त भांडं ज्याचं त्यानं विहिरीवर आणायचं असतं. आणा वर."

सुभेदारांनी गलबत पाहिलं, मग उभी चढण पाहिली.

सुभेदारांनी सोबतच्या शिपायाचा तांब्या पुढे केला. आवडीनं तो काठोकाठ भरून दिला.