डावी होडी

फार पूर्वी, समुद्र जिथे अंगणाला लागतो अशा एका गावात तीन मित्र राहत होते. एक सुतार, एक शिंपी आणि एक दोर वळणारा. तिघांची लहानपणापासून गट्टी. एकाच्या घरी कालवण झालं की वाटी उरलेल्या दोन घरी जायची. भांडणंही व्हायची, पण ती कालवण निवायच्या आत मिटायची.

सुताराला एकच मुलगी होती. ती समुद्रापलीकडच्या एका बेटावर दिली होती. तेव्हा एक मोठं गलबत दरवर्षी गावच्या बंदरात थांबून पुढे त्या बेटाकडे जाई. मग बंदर गाळाने भरलं आणि गलबत यायचं बंद झालं. मुलीची खबर इकडे येईना, इकडची तिकडे जाईना. सुताराची बायको लेकीच्या आठवणीने झुरत राहिली आणि एका हिवाळ्यात गेली. लेकीला ते कळवायचीही सोय नव्हती.

बायको गेल्यावर सुताराने हाय खाल्ली. रंधा खुंटीला टांगला तो टांगलाच. दोघे मित्र रोज येऊन बसत, गावच्या गोष्टी सांगत, आणि तो नुसता मान हलवी. अंगावरचे कपडे सैल व्हायला लागले तेव्हा शिंप्याला राहवेना.

"गलबत येत नाही तर नाही," तो म्हणाला. "आपणच जाऊ तुझ्या लेकीकडे. तू होडी कर, मी शीड शिवतो, हा दोर वळेल."

सुतार बऱ्याच दिवसांनी हसला. "वेडा आहेस. आपल्या होड्या खाडीपुरत्या. बाहेरच्या लाटेने होडी एका फटक्यात उलटी होईल."

"मग दोन कर," दोर वळणारा म्हणाला. "दोन होड्या शेजारीशेजारी ठेवू, वर आडवे वासे टाकू आणि माझ्या दोरांनी जखडू. एक कलली तर दुसरी धरेल."

सुताराने नेहमीसारखी नुसती मान हलवली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मित्र आले तेव्हा रंधा खुंटीवर नव्हता.

मग काय विचारता! अंगणात लाकूड येऊन पडलं. सुतार पहाटे उठू लागला, पोटभर जेवू लागला, शिंप्याच्या टाक्यांना हसू लागला. लेकीसाठी काय काय न्यायचं याची बोलणी रोज होत. आधी उजवी होडी झाली. अशी देखणी, की गावातली म्हातारी माणसं येऊन तिच्यावरून हात फिरवून गेली. मग त्याने डावी करायला घेतली.

डावीला वेळ लागला. सुतार फळी डोळ्यांजवळ आणून बघायचा, मग लांब धरून बघायचा. "हल्ली ऊन नीट पडत नाही," म्हणायचा. ऊन रोजच्यासारखंच पडत होतं. त्याच्या डोळ्यांवर पडदा येत चालला होता. तो हातांनी चाचपून काम करी आणि कुणी बघतंय असं वाटलं की हात मागे घेई.

एका दुपारी सुतार जेवायला घरात गेला होता. दोर वळणारा वाशांची मापं घ्यायला डाव्या होडीत उतरला. आत सावली होती, आणि त्या सावलीत फळ्यांच्या सांध्यांमधून उन्हाचे धागे आत आलेले त्याला दिसले. एका ठिकाणी तर करंगळीचं नख शिरेल एवढी फट होती. त्याने शिंप्याला हाक मारली. शिंपी आत वाकला आणि त्यानेही पाहिलं.

"सांगायला हवं," दोर वळणारा म्हणाला.

"सांग की मग."

"मी? मी कसा सांगू? तू बोलण्यात हुशार."

"काय बोलू?" शिंपी म्हणाला. "बायको गेली, आता डोळेही चाललेत, आणि हातही पूर्वीचा राहिला नाही, असं सांगू? आत्ता कुठे माणूस जेवायला लागलाय. पुन्हा अंथरूण धरलं तर?"

दोर वळणाऱ्याने जरा विचार केला. "उजवी पक्की आहे," तो म्हणाला. "वजन सगळं उजवीत टाकू. डावी काय, नुसती तोल सांभाळायला. उजवी तिला सांभाळून घेईल."

एका होडीचा प्रश्न असता तर असं म्हणायची कुणाची छाती झाली नसती. दोन होत्या म्हणून हा विचार सुचला, आणि सुचला म्हणून दोघांना बरंही वाटलं. तेव्हापासून सुतार जेवायला गेला की हे दोघे गुपचूप डावीत उतरत, फटींत कापूस ठासत आणि वरून राळ लिंपत. फट दिसेनाशी झाली. फळ्या होत्या तशाच राहिल्या.

आता, त्या गावात नव्या होडीला पाणी पाजायची रीत होती. ओहोटीच्या वेळी होडी वाळूत ओंडक्यांवर ठेवायची आणि आत काठोकाठ पाणी ओतायचं. बाहेरून जिथे थेंब दिसेल तिथे गावातल्या कुणीही पुढे होऊन चुन्याचं बोट उठवायचं. मग सुताराने ती जागा दुरुस्त करायची. सगळं गाव जमे आणि मनसोक्त चेष्टा चाले. या सुताराच्या होडीवर मात्र आजवर चुन्याचं एक बोट उठलं नव्हतं. लोक चुन्याची वाटी आणत आणि भरलेली तशीच परत नेत.

दोन्ही होड्या तयार झाल्या तेव्हा सुतार म्हणाला, "परवा ओहोटी चांगली आहे. पाणी पाजून घेऊ."

 सगळ्या गावासमोर डावी होडी चुन्याने पांढरी होणार, हे दोघा मित्रांना स्पष्ट दिसत होतं. लोक हसणार. मग कुणीतरी सुताराच्या डोळ्यांकडे निरखून बघणार.

शिंपी म्हणाला, "वाऱ्याने आत्ताच धरलीय बघ बेटाची दिशा. चार दिवसांनी फिरला तर पुढच्या वर्षापर्यंत बसावं लागेल. लेक वाट बघत असेल."

लेकीचं नाव काढलं की सुतार विरघळतो, हे शिंप्याला माहीत होतं. सुतार खरंच अडखळला. तो डाव्या होडीपाशी गेला आणि तिच्या कडेवर हात ठेवून उभा राहिला.

"माझी एकही होडी पाणी पाजल्याशिवाय समुद्रात गेली नाही," तो हळू आवाजात म्हणाला. मग जरा थांबला. "तुम्ही दोघांनी नीट पाहिलंय ना? माझं हल्ली... जाऊ दे. तुम्ही पाहिलं असेल तर मला पुरे. तुमचे डोळे ते माझे डोळे."

बघा, याहून जास्त माणूस काय बोलणार? त्याने आपलं दुखणं अर्धं उघडून समोर ठेवलं होतं. तेव्हा एकानेही खरं सांगितलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि चांगली संपली असती.

"पाहिलंय," शिंपी म्हणाला.

"एकदम पक्की आहे," दोर वळणारा म्हणाला.

नारळ फुटला. गाव काठावर आलं. जोडनाव पाण्यात उतरली आणि शीड फुगलं तेव्हा सुताराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं. मित्रांनाही रडू आलं. आपण केलं ते बरंच केलं, असं दोघांनाही त्या घटकेला मनापासून वाटलं.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. शिंपी सुकाणूवर बसे. सुताराला त्यांनी उजव्या होडीत डोलकाठीपाशी बसवलं होतं. "तुझं काम झालं, आता तू आराम कर," म्हणून. पिण्याच्या पाण्याची पिंपं, धान्य, लेकीसाठी केलेला लाकडी पाळणा, सगळं उजवीत. डावीत एकटा दोर वळणारा असे आणि तो सारखा पाणी उपसत असे.

"हा आवाज कसला?" सुतार विचारी.

"जाळी धुतोय," दोर वळणारा सांगे. दुसऱ्या दिवशी सांगे, "मासे धुतोय." एक खोटं झाकायला रोज नवं खोटं लागत होतं, आणि त्याची पाठ उपसून उपसून मोडायला आली होती.

मग एका दुपारी आभाळ उतरलं. वाऱ्याने दिशा सोडली आणि लाटा आडव्या येऊ लागल्या. फटींतला कापूस सुटला. पाणी उपसण्याच्या दुप्पट वेगाने आत येऊ लागलं आणि डावी होडी जड होऊन बसू लागली. वासे करकरले. दोर वळणाऱ्याला ते एकट्याला आवरेना, तेव्हा कुणी नको म्हणायच्या आत सुतार वाशावरून सरकत डावीत उतरला.

पाणी त्याच्या गुडघ्यांपर्यंत आलं. त्याने खाली वाकून फळ्यांवरून हात फिरवला. सांधा सापडला. सांध्यातून कापसाचा भिजका पुंजका त्याच्या बोटांत आला.

"हा मी भरलेला नाही," तो म्हणाला.

दोर वळणारा खाली बघत पाणी उपसत राहिला.

"केव्हापासून माहीत होतं?"

"आधीपासून," शिंपी रडत म्हणाला. "तुझं मन मोडवलं नाही रे."

सुतार पुंजका हातात धरून उभा राहिला. त्याला राग आला होता, पण त्याहून जास्त वाईट वाटलं होतं. "मन मोडलं असतं तर मी दोन दिवस कुणाशी बोललो नसतो," तो म्हणाला. "मग उठलो असतो. फळ्या उखडल्या असत्या. तुम्ही बघितलं असतं आणि मी बसवल्या असत्या. मला कुठे घाई होती?"

पण आता रागवायलाही वेळ नव्हता. भरलेली डावी उजवीलाही खाली ओढू लागली होती. एक कलली तर दुसरी धरेल, हे खरं होतं. एक बुडाली तर दुसरीला घेऊन बुडेल, हेही तितकंच खरं होतं. ते कुणी बोललं नव्हतं.

होड्यांची रीत सुताराइतकी कुणाला ठाऊक? त्याने झरझर सांगितलं, "पिंपं रिकामी करा, पिण्यापुरतं एक भरलेलं राहू द्या. बाकीची वाशांना बांधा. तोल तीच सांभाळतील. मी डावीच्या गाठी कापतो."

दोर वळणारा वाशावर चढून उजवीकडे जाता जाता थांबला. "गाठी माझ्या आहेत. मी कापतो."

"गाठीला डोळे लागत नाहीत," सुतार म्हणाला. "तू पिंपं बांध. ते मला जमणार नाही."

पिंपं बांधून झाली. सुताराने कमरेचा कोयता काढला. पुढच्या वाशाची गाठ चाचपून कापली, मग मागच्या वाशाची. शेवटचा पीळ तुटला तशी डावी होडी हिसका देऊन मोकळी झाली. सुतार कंबरभर पाण्यात उभा होता आणि वासा त्याच्यापासून हातभर अंतरावर होता. वाशाला धरून पलीकडे यायचं, एवढंच उरलं होतं. त्याने हात पुढे केला.

हात अलीकडेच राहिला. वासा होता तिथे तो पोचलाच नाही.

ते दोघांनाही दिसलं. "अजून पुढे," एवढे दोन शब्द पुरले असते. पण इतके महिने त्याच्या डोळ्यांबद्दल एक अक्षर न काढायची सवय लागलेल्या त्या जिभा अडल्या. क्षणभरच अडल्या. मग दोघे एकदम ओरडले, आणि तोवर मधे लाट आली होती. लाट ओसरली तेव्हा तिथे वासा होता, होडी नव्हती आणि सुतारही नव्हता.

त्यांनी हाका मारल्या. घसा बसेपर्यंत मारल्या. दोर फेकले, ते रिकामेच परत ओढले. अंधार पडायच्या आत वारा निवला आणि समुद्र अगदी शांत झाला. पिंपांच्या आधाराने एकटी उजवी होडी तरंगत राहिली. सुताराने सांगितलं होतं तशीच ती तरली. प्रवाहाने तिला पुढे बेटाला लावलं.

किनाऱ्यावर माणसं जमली. होडी कुठली आहे ते कळल्यावर गर्दीतून एक बाई धावत आली. कडेवर मूल होतं. तिने दोघांना ओळखलं.

"काका, बाबा कुठे आहेत?"

दोर वळणाऱ्याने मान खाली घातली. "वादळ आलं, पोरी. समुद्रापुढे कुणाचं काय..."

शिंप्याने त्याचा दंड धरला. "नको," तो म्हणाला. "आता तरी नको." आणि त्याने तिथेच वाळूत बसून तिला सगळं सांगितलं. आई गेल्याचं सांगितलं. उन्हाचे धागे, कापूस, न पाजलेलं पाणी, सगळं. शेवटचा हात अलीकडे राहिला आणि आपण वेळेवर बोललो नाही, तेही सांगितलं. सांगताना त्याने एकदाही तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

दोघांना वाटलं, ती शिव्याशाप देईल. दिले असते तर त्यांना हलकं वाटलं असतं.  मूल रडायला लागलं, त्याला तिने थोपटलं.

"तुम्ही बाबांना खूप जपलंत," मग ती म्हणाली. "पण म्हणजे, तुम्ही दोघं जवळ असून बाबा एकटेच होते."

तिने दोघांना घरी नेलं, वाढलं, अंथरूण घातलं. पाहुण्यांचं करायचं ते सारं केलं. पण पुन्हा त्यांना काका म्हणून हाक मारली नाही.

तात्पर्य काढायचं तर एवढंच: ज्याच्यावर जीव आहे, त्याला त्याची चूक वेळेत सांगावी. तो दुखावेल, दोन दिवस रुसेल; पण रुसलेल्या माणसाची समजूत काढता येते, गमावलेल्याची येत नाही.