डाग नसलेलं पान

“पण माई, कविता आधी धरायची कुठून?”

शाल्मलीने हे विचारलं तेव्हा तिच्या कडेवर आठ महिन्यांची जाई होती. एका खांद्यावर जाईची पिशवी होती आणि दुसऱ्या खांद्यावर कवितेची.

दोन्ही पिशव्या सारख्याच फुगलेल्या होत्या.

सोनूमाईंचं लक्ष हातातल्या कामात होतं. पडवीत बसून त्या भिजवलेले वाल सोलत होत्या. एक वाल बोटांतून निसटून उडाला. तो कुठे पडला ते त्यांनी शांतपणे शोधलं, सोलला, आणि म्हणाल्या,

“रिक्षाने आलीस?”

“हो. बाळ आहे ना... चढ फार आहे.”

“हं.”

टेकडीवरच्या त्या जागेला मठ म्हणायचं ते आपलं रीत म्हणून. दोन खोल्या आणि एक पडवी. आत ना देव, ना गादी. सोनूमाई होत्या आणि त्यांच्या कविता होत्या, एवढंच.

तिथली रीतही एकच. शिकायचं म्हणून जो येईल त्याला माई स्वतःच्या हाताने एका पानावर एक कविता लिहून देत. महिन्याने ते पान परत आणायचं. माई पान बघणार, आणि त्या माणसाला शिष्य म्हणून ठेवून घ्यायचं की नाही ते ठरवणार. नाही म्हणाल्या की नाही. दुसरं पान मिळत नसे.

पानात त्या काय बघतात हे कुणालाच माहीत नव्हतं.

शाल्मलीला तर नव्हतंच. तशी ती एम.ए.ला मराठीत पहिली आलेली. पाच वर्षं कॉलेजात शिकवलेलं. रसग्रहण म्हणाल तर झोपेत उठवलं असतं तरी तिने करून दिलं असतं. पण एक गोष्ट तिने कुणालाच, अगदी नवऱ्यालाही, सांगितली नव्हती.

कवितेने तिला कधी हात म्हणून लावला नव्हता.

जाई झाली, पाळण्यात घातली, आता हिला काहीतरी म्हणून दाखवावं म्हणून शाल्मलीने तोंड उघडलं, तर ओठांवर काय यावं? एका वृत्ताचं लक्षण. गण, मात्रा, यती, सगळं जिथल्या तिथे. तेच तिने गुणगुणलं.

पोर झोपली, हे तर अधिकच वाईट झालं.

तेव्हापासून तिच्या मनाने घेतलं होतं, की माईंकडे जायचं. त्यांनी ठेवून घेतलं तर घेतलं. नाहीतर मग आपल्यात ते नाहीच, आणि आपल्या लेकीला आपल्याकडून ते मिळणार नाही, हे एकदाचं कळून तरी जाईल. महिन्यापूर्वी येऊन ती पान घेऊन गेली होती.

“पान आणलंस?” माईंनी विचारलं.

“आणलं ना.”

तिने जाईला गुडघ्यावर सावरत कवितेची पिशवी उपसली. आधी शब्दकोश निघाला. मग तीन संदर्भग्रंथ. मग जाड वही. मग चुकून या पिशवीत आलेला थर्मामीटर. सगळ्यांच्या तळाशी एक फाइल, आणि त्या फाइलमध्ये पान.

पान लखलखत होतं.

पडवीच्या टोकाला नारबा बसले होते. पूर्वी एसटीत कंडक्टर होते. आता सत्तरी ओलांडली तरी रोज पायी टेकडी चढून येत. त्यांनी मान लांब करून पाहिलं.

“आयला! हे तर आधार कार्ड झालं की.”

शाल्मलीचे कान तापले.

“जाई हल्ली सगळं तोंडात घालते हो. लाळेने शाई फुटली असती. म्हणून मी... लॅमिनेट करून घेतलं. त्याच संध्याकाळी.”

माईंनी ओले हात पदराला पुसले. पान घेतलं. उलटसुलट केलं. नखाने टकटक वाजवून पाहिलं.

“वाचलीस?”

“शहाण्णव पानं टिपणं काढलीत, माई.”

“वाचलीस का, म्हणाले मी.”

“...हो.”

“म्हणून दाखव मग.”

शाल्मलीने वही उघडली. पहिल्या पानावर प्रस्तावना. पुढे शब्दार्थ. पुढे प्रतिमा, प्रतीकं, स्त्रीचं स्थान, निसर्गाचं स्थान. ती पानं उलटत गेली. मग उलट्या बाजूने उलटत आली.

शहाण्णव पानांत कविता कुठेच नव्हती. ती उतरवून घ्यायचीच राहिली होती.

“पाठ नाही माझी,” ती कशीबशी म्हणाली. “पण... तिसऱ्या ओळीत एक पक्षी आहे.”

“कोणता?”

“त्यावर दोन मतं आहेत.”

“कुणाची?”

शाल्मलीने वही मिटली. मग खाली बघून म्हणाली,

“दोन्ही माझीच.”

नारबांना एकदम ठसका लागला. तांब्याभर पाणी पिऊन झालं तरी त्यांचे खांदे हलतच होते.

“नारबा,” माई म्हणाल्या, “खोकून झालं असेल तर दुरडी आण.”

दुरडी आली. बांबूची, जुनी, काठ झिजलेली. तिच्यात पानंच पानं होती. ठेवून घेतलेल्या माणसांची पानं.

शाल्मली वाकून बघत राहिली. एका पानावर हळदीच्या बोटांचा ठसा होता. एकावर चहाच्या कपाचं गोल वळं. एक फाटलेलं होतं आणि कुणीतरी ते सुईदोऱ्याने, चक्क धावदोरा घालून, शिवलं होतं. एका पानाला मधोमध भोक होतं. एकाच शब्दावर कुणाचं तरी बोट इतके दिवस टेकलेलं, की शब्दासकट कागद झिजून गेलेला.

“हे माझं,” नारबांनी एक चिमुकली चौकोनी घडी दाखवली. “तिकिटाएवढी घडी घातली होती. कंडक्टरच्या पाकिटात असायचं. एकदा एका म्हातारीला तिकीट म्हणून फाडून द्यायला निघालो होतो.”

माईंनी शाल्मलीचं पान दुरडीतल्या पानांवर ठेवलं.

ते सरकलं. माईंनी पुन्हा ठेवलं. ते पुन्हा सरकलं, काठावरून घसरलं आणि फरशीवर पडलं.

टक्.

कुणी उचललं नाही.

“म्हणजे...” शाल्मलीने माईंकडे पाहिलं. “म्हणजे नाही?”

माई वाल सोलू लागल्या.

“मग दाखवा ना मला, धरायची कशी! ही झाली तेव्हा सिस्टरांनी दाखवलं होतं. मानेखाली हात कुठे घालायचा, दूध पाजून झालं की कसं थोपटायचं. मला नव्हतं येत, शिकले. तसं कुणी दाखवलं तर हेही शिकेन. मी चांगली विद्यार्थिनी आहे, माई.”

“ते दिसतंयच,” नारबा पुटपुटले.

माईंचे हात थांबले.

बराच वेळ त्या जाईकडे बघत राहिल्या. जाई त्यांच्याकडे बघत होती. मग माई उठल्या. आत गेल्या. बाहेर आल्या त्या कोरं पान, बोरू आणि दौत घेऊन.

नारबांचं हसू मावळलं. इतक्या वर्षांत त्यांनी दुसरं पान कुणाला दिलेलं पाहिलं नव्हतं.

माईंनी चार ओळी लिहिल्या. कुठे थांबल्या नाहीत, कुठे खोडलं नाही. पान फरशीवर ठेवलं. शाई अजून ओली होती.

“ही घे. आत्ता, इथे. पहिल्यांदा.”

शाल्मली सावरून बसली. आता चुकायचं नाही. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून तिने जाईला शेजारी चटईवर बसवलं. वही घेतली. नवं पान काढलं. कोपऱ्यात तारीख घातली. मथळ्यासाठी जागा सोडली. समास आखला.

“कवी कोण, माई?”

माईंनी एक वाल हातात घेतला.

शाल्मलीने लिहिलं : कवी अज्ञात. पुढे प्रश्नचिन्ह.

“साधारण काळ?”

माईंनी तो सोलून टोपलीत टाकला.

“बरं, मग निदान एवढं तरी सांगा. ही भक्तिपर समजायची, की...”

खस्सकन आवाज झाला.

शाल्मलीने वळून पाहिलं.

फरशीवर पान नव्हतं.

जाईच्या दोन्ही मुठी गालांशी होत्या. गाल टम्म फुगलेले. हनुवटीवरून काळा ओघळ ओघळत होता. डोळे मिटून, अगदी तल्लीन होऊन, ती चघळत होती.

“जाई!”

शाल्मलीची किंकाळी टेकडीखाली ऐकू गेली असेल. वही एकीकडे उडाली, पेन दुसरीकडे. तिने पोरीला उपडी घातली, पाठीवर थापट्या दिल्या, पुन्हा सुलटी केली, तोंडात बोट घातलं. जाईला खालचे दोनच दात होते. ते दोन्ही तिने आईच्या बोटात रोवले.

“थूक! थूक आधी! अहो, शाईत काय आहे? माई, शाईत काय घालता तुम्ही?”

“काजळ आणि डिंक.”

“काजळ? डॉक्टरांनी डोळ्यांतसुद्धा घालू नका म्हणून सांगितलंय...”

“डोळ्यांत कुठे घातलंय तिने?”

माई जागच्या हलल्याही नव्हत्या. वाल सोलणं मात्र थांबलं होतं. त्या जाईकडे टक लावून बघत होत्या. पान देताना त्यांनी शाल्मलीकडेही इतकं निरखून पाहिलं नव्हतं.

अखेर बोटाला लगदा लागला. शाल्मलीने तो ओढून काढला. जाईने गिळायचं तेवढं गिळलं होतं. आता हातातला घास काढून घेतल्यावर तिने असा काही टाहो फोडला की पडवीच्या पत्र्यावरची पाखरं उडाली.

पोरीला काही झालं नव्हतं. श्वास चालू होता, आवाज तर फारच चालू होता.

शाल्मली मटकन खाली बसली.

माईंनी मोडलेली रीत, दुसरं पान, शेवटची संधी... सगळं तिच्या तळहातावर होतं. सुपारीएवढा ओला गोळा.

तिने तो उलगडायला घेतला. कागद चिंध्या होऊन सुटत होता. तीन ओळी गेल्या होत्या. पहिली तेवढी उरली होती, तीही अर्धीच.

“काय उरलं?” माईंनी विचारलं.

शाल्मलीने नाक ओढलं आणि वाचलं. मोठ्याने. जाईच्या रडण्यावरून ऐकू जावं म्हणून जरा जास्तच मोठ्याने.

“उंबऱ्याशी ऊन थांबलं, त्याला कुणी...”

पुढे कागद नव्हता.

तिने मान वर केली. का केली ते तिलाही सांगता आलं नसतं.

मठाच्या उंबऱ्याशी ऊन होतं. उंबऱ्याच्या बाहेर, तिच्याच चपलांवर पडलेलं. आत यायचं राहिल्यासारखं. ती आली तेव्हापासून ते तिथेच असणार. त्याच्यावरून पाय टाकून तर ती आत आली होती.

...

जाई रडायची थांबली. आईची नजर गेली होती तिकडे तीही बघू लागली.

शाल्मलीची वही दोन हात अंतरावर पालथी पडली होती. तिला वहीची आठवण झाली नाही.

“त्याला कुणी... काय?” ती हळूच म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. “पुढे काय आहे, माई?”

नारबांनी हात लांब करून जाईच्या पोटावर बोट टेकवलं.

“पुढचं सगळं इथे.”

या वेळी नारबा हसले नाहीत.

माईंनी शाल्मलीच्या तळहातावरून ती ओली चिंधी अलगद उचलली. दुरडीतल्या पानांवर, सगळ्यांत वर, ठेवली.

ती चिकटून बसली.

“ठेवून घेतलं,” माई म्हणाल्या.

शाल्मलीला आधी ऐकूच आलं नाही. मग आलं, तसे तिचे डोळे भरून आले. इतक्या गोंधळानंतर, इतकी शोभा झाल्यावर...

“खरंच, माई? मला...”

“तुला नाही.”

माईंनी जाईला उचलून मांडीवर घेतलं. पदराच्या टोकाने तिची काळी हनुवटी पुसली, ओठ पुसले. जिभेवरचं काळं तेवढं तसंच राहू दिलं.

“हिला.”

शाल्मलीने नारबांकडे पाहिलं. नारबा माईंकडे बघत होते. फरशीवर ते लखलखीत पान अजून पडलेलंच होतं. त्याच्यावर जाईच्या लाळेचा एक टपोरा थेंब होता आणि तो जसाच्या तसा उभा होता.

“आणि... मी?”

माईंनी टोपली पुढे ओढली. एक वाल सोलला. मग दुसरा.

“तुला कडेवर घेण्याएवढी व्हायला हिला अजून वेळ आहे, पोरी. तोवर तू चालत ये.”