भर उन्हातलं धुकं

इनास मेस्त्रीने दोन वर्षं खपून अंगणात स्वतःची मोटार बनवली. घाटात धुकं फार, म्हणून पुढे दोन पिवळे फॉगलाइट बसवले. वायरिंग इतकं चोख, की तपासणीला आलेल्या आरटीओच्या परांडेकर साहेबांना बोट ठेवायला जागा मिळेना. पण बोट ठेवल्याशिवाय शिक्का मारतील तर ते साहेब कसले!

"हे दिवे धुक्यात दिसतात कशावरून?" साहेब म्हणाले. "धुकं आणा, लगेच पास करतो."

मे महिना, दुपारचे बारा. अंगणात जमलेली माणसं फिदीफिदी हसली.

"आणतो की," इनास म्हणाला. "फक्त तुमच्या सरकारी जीपची चावी द्या."

साहेबांनी ऐटीत चावी फेकली. इनासने आपले दिवे लावले, मोटारीपुढे जीप आणून उभी केली आणि जोरात रेस दिली. काळ्या धुराने अंगण भरलं. साहेब दिसेनासे झाले. पिवळे दिवे मात्र लख्ख दिसत होते.

"साहेब, चालेल ना हे धुकं?" इनासने विचारलं. "की धूर म्हणायचं? मग आधी जीप तपासावी लागेल."

साहेबांनी खोकत खोकत शिक्का मारला आणि शेजारी शेरा लिहिला, 'दाट धुक्यात तपासले.'