पिवळ्या फुलांचं निर्माल्य

"आणि हे देवाला चालतं, बुवा?"

तेजलनं भानबुवांना ओढ्यातच गाठलं. मठाचे गुरू गुडघाभर पाण्यात उभे होते. हातात समाधीवरच्या निर्माल्याची परडी. हिरव्या वेलीच्या माळा, मधेमधे पिवळी फुलं.

"काय चालतं?"

"ही वेल पाण्यात सोडणं! ही आपल्याकडची नव्हे, पार अमेरिकेतली. कुणा भक्तानं हौसेनं मठात लावली. तुम्ही रोज ती समाधीला वाहता, रोज ओढ्यात सोडता. नखाएवढं पेर काठाला लागलं तरी मूळ धरतं. खाली वाडीत आईचा अळूचा वाफा गिळलाय तिनं. त्या अळूवर आमची चूल पेटते, बुवा."

काठावरून सदोबा खेकसला. मठातला सगळ्यात जुना शिष्य तो.

"ए पोरी, पायरी बघून बोल! निर्माल्य वाहत्या पाण्यातच सोडतात. तुझ्या आज्याच्या आधीपासून."

"आज्यानं ही वेल पाहिली नव्हती, सदोबाकाका!"

भानबुवा हसले नाहीत. रागावलेही नाहीत. परडीतली एक माळ उचलून त्यांनी उन्हात धरली. पेरापेराशी मुळांचे पांढरे ठिपके...

ते पाण्याबाहेर आले आणि तापल्या कातळावर त्यांनी परडी उपडी केली.

"बुवा!" सदोबाचा आवाज चिरकला.

"वाळू दे. वाळली की जाळू. उद्यापासून माळा तुळशीच्या."

इतकं सोपं? तेजल रात्रभर भांडणाची तयारी करून आली होती. ती सगळी फुकट गेली.

"म्हणजे चूक कबूल?" तिनं तरी विचारलंच.

"कबूल." बुवांनी पायांवरचं पाणी निपटलं. "आईच्या वाफ्यातली काढलीस का?"

"काढली तर! आठ दिवस राबले. एक काडी ठेवली नाही."

"टाकलीस कुठं?"

तेजलनं वळून खाली वाडीकडे पाहिलं.

"...बांधापलीकडे."

"पलीकडे कोण?"

"यमुनाकाकू." तिचा आवाज खाली आला. "त्यांची मेथी असते तिथं."

सदोबा काही बोलणार होता. बुवांनी हात वर केला.



भानबुवा कातळावर बसले. जरा सरकले. शेजारची जागा त्यांनी उपरण्यानं झाडली.

"ये, बस. आपण एकाच पंथातले निघालो."