पारीवरचा टोल

"काम नाही, असं लिवलंस?"

कवडूबुवांनी विचारलं, पण चालायचे थांबले नाहीत. नजर पायाखालच्या मातीवर होती.

"तक्त्यात तुमच्या नावापुढचा रकाना तसाच आहे, बुवा," हेमराज म्हणाला. "कामाला कुठं जाता, तर कुठंच नाही. मोबदला काय, तर काहीच नाही. मग पुढं दुसरं काय लिहिणार? काम नाही."

"बरं," बुवा म्हणाले आणि वाकले.

पारीच्या उतारावर खेकड्यानं बीळ केलं होतं. बुवांनी आत बोट घातलं, बोट ओलं निघालं. त्यांनी मागं न बघता माझ्याकडे हात केला. मी टोपलीतला मातीचा गोळा दिला. तो त्यांनी आत दाबला, वरून टाच मारली, खुणेला पळसाची काडी खोचली आणि फावड्याचा दांडा टेकत पुढं निघाले.

आमचा तलाव जुना आहे. कुणी बांधला ते सांगणारे कधीच गेले. त्याची पार, म्हणजे बांध, सगळी मातीची. अर्धा कोस लांब. गाव पारीच्या खाली. भादव्यात तलाव भरला की आमच्या घरांची कवेलू, म्हणजे कौलं, पाण्याच्या पातळीहून खाली असतात. नवा पाहुणा आला तर त्याला झोप लागत नाही. आम्हाला लागते.

ती लागते पाळीमुळं. पावसाच्या चार महिन्यांत रोज सकाळी कुणीतरी पार चालायची, अशी रीत आहे. पुढं बुवा, मागं ज्या घरची पाळी त्या घरचा एक माणूस, डोक्यावर मातीची टोपली. खेकडे आणि उंदीर पार पोखरतात. दिसलं बीळ की बुजवायचं. दुसऱ्या टोकाला आंब्याला रुळाचा तुकडा टांगला आहे. पार पाहून झाली की बुवा त्यावर एक टोल देतात. एकच. तो ऐकल्याशिवाय गावातलं कुणी वावरात जात नाही, की लेकराला पाळण्यात एकटं ठेवत नाही.

त्या दिवशी पाळी माझ्या घरची होती. म्हणून मला हे ऐकायला मिळालं.

हेमराज आमच्याच गावचा. बाप लहानपणी गेला, तर बुवांनी त्याला आपल्या कुटीत बसवून अक्षरं गिरवायला लावली. बेरीज तो या पारीवरच शिकला, बिळं मोजून. पुढं नागपूरला गेला, पुष्कळ शिकला. आता जिल्ह्याला कचेरीत बसून गावागावांचे आकडे करतो. लोक मान देतात. त्या सकाळी त्याच्या पायात बूट होते आणि वरच्या खिशात घडी घातलेला कागद.

कागद दुपारच्या ग्रामसभेत वाचायचा होता. त्यात लिहिलं होतं, पाळी बंद करावी.

त्याचं म्हणणं असं. रोज एका माणसाची सकाळ जाते, बाकीचं गाव टोलाची वाट बघत बसतं. त्यातून निघत काही नाही. तेवढ्या वेळात लोक मजुरीला गेले तर गावाच्या उत्पन्नाचा आकडा वाढेल. आमचं गाव त्या आकड्यात तालुक्यात शेवटचं, आणि रस्ता आधी कुणाला, तर ज्यांचा आकडा वाढतो त्यांना.

रस्ता त्याला मनापासून हवा होता, हे मी खोटं सांगणार नाही. त्याच्या वहिनीला बाळंतपणात खाटेवर घालून नेलं होतं. नाला ओलांडेपर्यंत ती गेली. खाटेचा एक खूर हेमराजच्याच खांद्यावर होता.

गावही रस्त्यासाठी भुकेलं होतं. कागद वाचला असता तर हात वर झाले असते. बुवांचं वय ऐंशीच्या पुढं, पाय सुजलेले. एकदा पाळी मोडली की ती पुन्हा कोण बांधणार?

"देश कसा मोजता गा?" बुवांनी विचारलं. "वावर मोजतात तसा?"

हेमराज हसला. मग त्यानं नीट समजावलं. शिकवण्याची हातोटी त्याला आहे. वर्षभरात देशात जे जे तयार होतं, त्याच्या किमतीची बेरीज करायची. एक गोष्ट दोनदा धरायची नाही. भात धरलं, की गिरणीत तांदूळ झाल्यावर गिरणीनं जेवढी भर घातली तेवढीच पुढं धरायची. घरी खायला ठेवलेलं भातसुद्धा अंदाजानं धरतात. डॉक्टरनं तपासलं, मास्तरनं शिकवलं, न्हाव्यानं दाढी केली, तेही येतं. सगळ्याची बेरीज माणसांनी भागली की माणशी किती ते कळतं. गेल्या वर्षापेक्षा बेरीज वाढली, तर देश वाढला.

बुवा सगळं ऐकत होते. मधे दोन बिळं बुजवली.

"तुझ्या जन्माच्या वेळी तुझी माय तापानं पडली होती," ते म्हणाले. "तुले दूध कोनं पाजलं?"

"सीतकुराकाकूनं."

"किती दिवस?"

"चार महिने, असं आई सांगते."

"ते दूध तुमच्या बेरजेत धरलं का?"

"नाही, बुवा. तसलं धरत नाहीत."

"डब्यातलं पाजलं असतं तर?"

"... धरलं असतं."

बुवा थांबले.

चाळीस वर्षं घरच्या पाळीला मी त्यांच्यामागं टोपली घेऊन चाललो आहे. कुणी शिव्या दिल्या तरी हा माणूस हसायचा. त्या दिवशी मात्र त्यांच्या मानेची शीर वर आली होती.

"म्हनजे सीतकुरा तुमच्या देशात राहतच नाही," ते म्हणाले. "रोज दिसते मले. धुनं धुते, सासऱ्याचं करते, आल्यागेल्याले भाकर देते. आनं कागदावर पाहा, तर बाई नाहीच."

"नियम मी नाही केले, बुवा." हेमराजचाही आवाज जरा चढला. "सगळ्या जगात असंच मोजतात. ज्याला किंमत लागत नाही ते मोजायचं कशानं? काहीतरी माप तर पाहिजे ना? तुम्हीच सांगा, तुमचं चालणं कोणत्या पायलीनं मोजू?"

हे त्याचं बरोबर होतं.

बुवांनी पाण्याकडे पाहिलं. पाणी पारीच्या काठाला लागून डुचमळत होतं...

"नसेल मोजता येत," ते म्हणाले. "मग 'मोजता आलं नाही' असं लिही ना. 'काम नाही' असं काहून लिवतोस?"

आम्ही पुढं निघालो. ऊन वर आलं होतं. एवढं बोलत बोलत कधी पार चालली नव्हती, म्हणून उशीर झाला होता.

"यंदा तालुक्यात पहिला नंबर कोनाचा आला गा?"

आमच्या भागातल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं.

"खैरटोलीचा," तो म्हणाला.

खैरटोली आमच्यापासून दोन कोसांवर. तलाव आमच्यासारखाच, पारही तशीच. तीन वर्षांमागं त्यांनी पाळी मोडली. काही निघत नाही, म्हणून. पहिल्या वर्षी काही झालं नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. ते आम्हाला हसायचे. गेल्या भादव्यात भर सकाळी पार फुटली. सात माणसं गेली.

मग तिथं खोदायची यंत्रं आली. सिमेंट आलं. पाण्याचे टँकर आले, औषधं आली, नवी घरं बांधली गेली. गावात कोरडं लाकूड उरलं नव्हतं, तर सरणाची लाकडंसुद्धा डेपोतून पावती फाडून आणली. जे जे आलं ते विकत आलं, आणि विकत आलं ते बेरजेत गेलं. आकडा असा वर गेला की उन्हाळ्यात मांडव घालून सत्कार झाला. सरपंचाला शाल दिली. मी गेलो होतो. सातांत त्या सरपंचाचा नातू होता.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात उठले नाहीत.

"त्यातून वजा किती केलं?" बुवांनी विचारलं.

"कशातून?"

"बेरजेतून. सात मानसं, तीस बैलं, तलावभर पानी. किती वजा केलं?"

"त्या बेरजेत वजा करत नाहीत, बुवा." हेमराज खाली बघत होता. "काय होतं आणि काय गेलं, त्याची निराळी वही ठेवता येते. पण ती... कुणी मागत नाही."

"तू मागितली का?"

आम्ही पारीच्या मध्यावर आलो होतो. इथून सगळं गाव दिसतं. हेमराजचं लक्ष खाली गेलं आणि तो थबकला.

माणसं अंगणात उभी होती. जिकडं बघावं तिकडं. बैल जुंपलेले, पण गाडी जागेवर. बायकांच्या डोक्यावर शिदोरीची टोपली आणि कडेवर लेकरू. सगळी तोंडं पारीकडे वळलेली. हेमराजची आई दाराबाहेर काठी धरून उभी होती.

"हे अजून काहून उभे आहेत?" त्यानं विचारलं. इतका वेळ शुद्ध बोलत होता, आता गावचा शब्द तोंडात आला.

"टोल पडला नाही ना," मी सांगितलं.

बुवांनी हातातलं फावडं त्याच्यापुढं धरलं.

"घे."

त्यानं घेतलं. गुरूनं दिलेली वस्तू नाकारायची त्याला सवय नव्हती.

"खोद."

"काय?"

"पार खोद. इथं. हातभर चर काढ, बाकीचं पानी करते. पाळी मोडून आकडा वाढायले तीन वर्सं लागतील. याच्यानं दुपारपर्यंत होते. खैरटोली दुसरी, आपन पयले. रस्ताही येईल. यंत्रं आनाची तर रस्ता पयले करतातच."

बुवा हे ओरडून बोलले नाहीत. आवाज खाली होता.

"बुवा... खाली आई आहे."

"तिचं घर धरता का बेरजेत?"

"जुनं घर आहे. त्याचं नवीन काय धरणार..."

"पडल्यावर?"

हेमराजनं फावडं दुसऱ्या हातात घेतलं.

"पडल्यावर गा? मी अडानी मानूस. सांग मले."

"पुन्हा बांधलं की धरतो," हेमराज म्हणाला. एवढं हळू की मला जेमतेम ऐकू आलं.

"मग खोद ना. उभा काहून?"

फावडं हातात धरून तो उभा राहिला. मी टोपली डोक्यावर तशीच धरून होतो. खाली कुणाचा तरी बैल मान हलवत होता, त्याची घंटा तेवढी वाजत होती...

मग हेमराजनं बूट काढले. उतारावर चार पावलं खाली गेला. मला वाटलं, घरी निघाला. पण तो वाकला. तिथं गवताच्या आडोशाला एक बीळ होतं. मला दिसलं नव्हतं. बुवांनाही दिसलं नसेल, किंवा दिसलं असेल आणि बोलले नसतील. हेमराजनं आत बोट घातलं. मग मनगटापर्यंत हात गेला.

त्यानं बाजूची कोरडी माती फावड्यानं ओढली आणि आत सारली. ती भसकन खाली गेली. पुन्हा सारली, पुन्हा गेली. मग त्यानं वर माझ्याकडे हात केला, बुवा करतात तसा. मी ओला गोळा दिला. एक, दोन, पाच गोळे बसले तेव्हा बीळ भरलं. त्यानं टाच मारली. खुणेला काडी नव्हती, तर खिशातलं पेन काढलं, बघितलं, परत ठेवलं आणि गवताची पात गाठ मारून खोचली.

वाकताना कागद खिशातून निसटून मातीत पडला होता. तो उचलून त्यानं माझ्या हातात दिला.

"हा धरा, काका. टोपली माझ्याकडे द्या."

मी दिली. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर मातीचं पाणी ओघळलं. त्यानं पुन्हा गावाकडे पाहिलं. माणसं अजून तशीच उभी होती, त्याची आईसुद्धा.

"लोक खोळंबलेत, बुवा. मी पळत जातो आणि टोल देऊन येतो."

कवडूबुवांनी त्याच्या हातातून फावडं घेतलं, दांडा टेकला आणि पायाखाली बघत चालू लागले.

"देशील," ते म्हणाले. "अजून अर्धी पार पाहाची राहिली गा."