चहासुद्धा चार पॉइंट एक

"मग रूट कधी देताय, चाचा?"

मुजावर चाचांनी कपातल्या चहावर फुंकर मारली. 

धैर्यशीलनं सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं होतं. रूट म्हणजे मशीनची, इथल्या कॉम्प्युटरची, मालकी. रूटचा पासवर्ड ज्याच्याकडं, त्याचा शब्द शेवटचा. लसींच्या ह्या कोठीत बावीस वर्षं तो एकट्या चाचांच्या डोक्यात होता, आणि महिनाअखेरीला चाचा घरी बसणार होते. धैर्यशीलनं तर खुर्ची कुठं सरकवायची तेसुद्धा ठरवून ठेवलेलं.

गडी हुशार होता, त्यात वाद नाही. सहा महिन्यांत त्याला काही विचारलं आणि उत्तर आलं नाही, असं एकदाही झालं नव्हतं. कधी कधी चुकीचं यायचं. पण यायचं.

"एक प्रश्न विचारतो," चाचा म्हणाले. "बरोबर सांगितलंस तर आत्ताच्या आत्ता देतो."

"दहा विचारा."

"थंड खोलीत किती अंश आहे?"

धैर्यशीलला हसूच आलं. हे म्हणजे पोहणाऱ्याला विचारायचं, पाणी ओलं असतं का.

भिंतीपलीकडं थंड खोली. आत तान्ह्या पोरांना टोचायच्या लसी. पारा दोनच्या खाली गेला तर गोठून वाया, आठच्या वर चढला तर नासून वाया. म्हणून आत एक सेन्सर लावलेला, त्याची वायर भिंतीतल्या भोकातून मशीनला, आणि मशीनवर एक छोटा प्रोग्राम बसवलेला. युनिक्सवाले असल्या प्रोग्रामला डीमन म्हणतात. नाव भुताचं, काम शिपायाचं. मागं लपून बसायचं, कुणी विचारलं की सांगायचं, परत गप्प. स्क्रीन त्याला दर मिनिटाला विचारायची आणि तो आकडा द्यायचा. हा डीमन धैर्यशीलनं स्वतः बसवला होता, आणि त्याचा भाव तो पार चहाच्या गाडीपर्यंत खात होता.

"चार पॉइंट एक," तो स्क्रीनकडं न बघताच म्हणाला. मग बघितलं. चार पॉइंट एक. हिरवंगार.

तेवढ्यात टेम्पोवाले बिरूमामा दारात आले. खोकी भरून झाली होती, चारशे डोस, आणि तिकडं वाडीवस्तीवर बाया नऊ वाजल्यापासून पोरं मांडीवर घेऊन बसल्यात, असं त्यांचं म्हणणं होतं. गेटपासवर तापमान लिहायचं होतं आणि चाचांची सही पाहिजे होती. साहेबांचा अभ्यास झाला असला तर निघू का, असंही त्यांनी धैर्यशीलला विचारून घेतलं.

चाचांनी त्यांना हातानंच थांबवलं.

उठले. भिंतीजवळ गेले. भोकातून वायर हळूहळू ओढली, तिचं धातूचं टोक, म्हणजे सेन्सर, बाहेर आलं, आणि ते त्यांनी...

कपात बुडवलं. चहातून वाफ येत होती.

"आता किती?"

धैर्यशीलला वाटलं, म्हातारा मस्करी करतोय. स्क्रीन मिनिटानं विचारते, जरा थांबा, असं त्यानं समजावलं.

मिनिट गेलं.

चार पॉइंट एक.

अजून एक गेलं.

चार पॉइंट एक. हिरवंगार.

बिरूमामांनी कपात डोकावून बघितलं, मग स्क्रीनकडं. "चहा गार दिसतोय," ते म्हणाले.

धैर्यशील कीबोर्डकडं वळला. त्यानं डीमन तपासला. चालू. सत्तेचाळीस दिवस झाले, एकदाही पडला नव्हता. अडकला असेल, असं पुटपुटत त्यानं तो मारला आणि परत उठवला. नवा डीमन, नवा नंबर, जन्मून दोन सेकंद झालेले.

विचारलं.

चार पॉइंट एक.

"आत्ता जन्मला," चाचा म्हणाले. "आणि उत्तर पाठ आहे."

...

धैर्यशीलचे हात कीबोर्डवर तसेच राहिले. त्याला आठवलं.

गेल्या महिन्यात सेन्सर मधेच मुका व्हायचा. मग स्क्रीन लाल व्हायची, जेवताना फोन वाजायचा, आणि ऑफिसातले सगळे येऊन विचारायचे, काय झालं रे? सांगायला काही नसायचं, आणि ते त्याला सहन व्हायचं नाही. म्हणून त्यानं डीमनच्या स्क्रिप्टमधी दोन ओळी घुसडल्या. सेन्सर बोलला नाही तर मागचा आकडा द्यायचा. तेव्हापासून स्क्रीन कधी लाल झाली नाही. सगळ्यांनी पाठ थोपटली.

मागचा आकडा एका फाइलीत राहायचा. त्यानं फाइल उघडली नाही, नुसती तारीख बघितली.

अकरा दिवसांपूर्वीची.

बाहेर बिरूमामांच्या पोरानं टेम्पो चालू केला. भिंतीपलीकडं कॉम्प्रेसर घुमत होता. म्हणजे गार असणारच की. धैर्यशीलनं भिंतीला हात लावला. भिंत गार होती. पण चारची गार वेगळी आणि नऊची वेगळी, हे हाताला कुठं कळतंय?

चाचांनी वायर कपातून काढली, सदऱ्याला पुसली.

"माझा प्रश्न तोच आहे. खोलीत किती अंश?"

"चार..."

चाचा बघत राहिले.

चार म्हटलं की टेम्पो जाणार होता. चार म्हटलं की रूट मिळणार होतं. आणि बहुतेक चारच असेल. चार नसेल तर साडेचार. फरक पडून पडून किती पडणार?

...

कुठल्यातरी वस्तीवर एखादी बाई आपल्या पोराला मांडीवर झुलवत टेम्पोची वाट बघत बसली असेल, असं उगाच त्याच्या डोळ्यांपुढं आलं.

"चाचा..."

  पुढचा शब्द ह्या खोलीत त्यानं आजवर उच्चारला नव्हता, त्यामुळं तो कुठून काढायचा हेच कळेना.

"माहीत नाही," तो म्हणाला.

टेम्पो बाहेर घुरघुरत होता.

"मामा, गाडी बंद करायला सांगा. खोकी उतरवा. काचेचं थर्मामीटर आत ठेवल्याशिवाय एक डोस बाहेर जायचा नाही."  "त्या बायांना मी फोन करतो. माझं नाव सांगून."

बिरूमामा गेटपास घेऊन तसेच उभे. आता ह्यांच्यात काय बिनसलं ते त्यांना कळत नव्हतं, पण सरकारी कागद होता, रकाना मोकळा ठेवून चालणार नव्हतं. त्यांनी पेन चाचांपुढं धरला आणि विचारलं, तापमान काय लिहू?

चाचांनी पेन घेतला नाही.

"हा म्हणाला तेच लिही, माहीत नाही... आणि सही ह्याची घे."